सर, तुमचा लेख रविवारी नऊला येतो

सर,

तुम्ही मंगळवारी गेलात आणि त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी नऊ वाजता, तुमच्या ब्लॉगवर नवा लेख आला. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात वर्गातल्या निम्म्या मुलांची गावंच नव्हती. एका मुलीनं तसं विचारलं आणि तुम्ही 'लहान गावं दाखवत नाहीत, खाली बस' म्हणून तिला गप्प केलंत, त्याबद्दलचा लेख. खाली नेहमीसारखं 'घरत सर' आणि वेळ सकाळी नऊ.

साडेनऊपर्यंत मला चार फोन आले. शेवटचा मुख्याध्यापकांचा. "अंजली मॅडम, घरत सरांच्या ब्लॉगवर कोणीतरी लिहितंय. तुम्ही कॉम्प्युटरच्या, जरा बघता का?" मी त्यांना समजावलं, की कोणी लिहीत नाहीये, सरांनीच लिहून ठेवलंय. रविवारी सकाळी सुकापुरात लाइट असेल की नाही याचा भरवसा नसायचा, म्हणून तुम्ही अधूनमधून नवीन पनवेलच्या सायबर कॅफेत बसून महिना-दीड महिन्याचे लेख एकदम चढवून ठेवायचात आणि एकेकाला पुढच्या एकेका रविवारची तारीख द्यायचात. ती सोय मीच तुम्हाला शिकवली होती. तुम्ही तेव्हा चष्मा काढून पुसला होतात. "म्हणजे मी झोपलेलो असलो तरी हे पोचवणार?" "हो सर, तुम्ही घोरत असलात तरी," मी म्हणाले होते.

मुख्याध्यापकांनी हुश्श केलं. मला मात्र भीती भुताची नव्हती, पुढच्या रविवारची होती.

'चुकलेले तास' हे नाव तुमचं. तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस सत्काराचे फोटो टाकतो, गोड आठवणी लिहितो. तुम्ही फुकट मिळालेल्या त्या ब्लॉगवर आपल्या चुका लिहायला बसलात. दर रविवारी एक तास आणि त्या तासाला केलेली एक चूक. आईबरोबर मासळी विकून शाळेत येणाऱ्या मुलीला वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवलंत, ते लिहिलंत. लोक वाचायचे, हसायचे, काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. स्टाफरूममध्ये मात्र सगळे जरा जपूनच वाचायचे, कारण त्या तेहतीस वर्षांत शाळेत तुम्ही काही एकटेच नव्हतात.

आणि एके दिवशी, तुमच्या सुकापूरच्या घराच्या ओटीवर चहा पिताना, तुम्ही मला म्हणालात, "अंजलीबाई, एक तास आपल्या दोघांचा आहे."

कोणता ते मला विचारावं लागलं नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण हे दुसरेही वाचणार आहेत म्हणून सांगते. सहा वर्षांपूर्वी शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली आणि तिच्या मागोमाग मी आले. पनवेल गावात वाढलेली, सव्वीस वर्षांची, आपल्याला सगळं येतं असं वाटणारी. इंटरनेटवर फुकट वेबसाइट बनवून देणाऱ्या जागा तेव्हा आपल्याला नुकत्याच सापडल्या होत्या. नाव नोंदवायचं, साचा निवडायचा, मजकूर आणि फोटो टाकायचे, झालं. पंधरा एमबी जागा मिळायची आणि बदल्यात पानाच्या डोक्यावर त्यांची जाहिरातीची पट्टी. नववीच्या प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या कामावर एक पान करायचं, हा प्रकल्प तुमचा. ते चढवायचं काम माझं. त्या पट्टीत कधी काय उगवेल याचा नेम नसायचा. नेऱ्याच्या भातशेतीच्या पानावर वजन कमी करायच्या गोळ्या, तर कोणाच्या आजोबांच्या होडीच्या पानावर परदेशी बायका. पालक बघायला आले की तुम्ही पडद्याच्या वरच्या भागावर हजेरीपुस्तक धरून उभे राहायचात. अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला ते आठवलं की अजून हसू येतं, आणि ते संपायच्या आत रडू येतं.

प्रमिला म्हात्रेचे वडील मिठागरात काम करायचे. ती शाळेचा कॅमेरा घरी घेऊन गेली आणि वडिलांचा फोटो काढून आणला. उघडे पाय मिठाच्या पाण्यात, हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी, मागे तिवरांची हिरवी रांग. मजकूर तिनं इंग्रजी अक्षरांत, घरी बोलतात तसा लिहिला होता. इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी टाइप कसं करायचं हे तिच्या बाईंनाच धड येत नव्हतं. 'माझा बाबा उन्हात पानी सुकवतो. पानी जाते, मीठ ऱ्हाते.' अशी सुरुवात होती.

मग जिल्ह्याची शालेय वेबसाइटची स्पर्धा आली. शाळेकडून एकच पान पाठवायचं होतं आणि विषय म्हणून मिठागर सगळ्यांत वेगळा. मी ते पान परीक्षकांच्या नजरेनं बघितलं आणि मला ते गावंढळ वाटलं. हाच शब्द मनात आला होता, आता लपवत नाही. दोन दिवस बसून मी ते सगळं बदललं. 'मीठ हा मानवी आहारातील अविभाज्य घटक आहे' अशी सुरुवात केली. इंटरनेटवरून एक झकास फोटो उचलला, नजर जाईल तिथपर्यंत पांढरं शुभ्र, डोंगराएवढ्या मिठाच्या राशी. पंधरा एमबी भरत आले होते, म्हणून प्रमिलाची जुनी पानं पुसली. त्यांच्याबरोबर तिच्या वडिलांचा फोटोही. कॅमेऱ्यातला आधीच क्रीडादिनासाठी पुसून झाला होता.

तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत आलात, पडद्याकडे वाकून बघितलंत आणि म्हणालात, "तिवराचं एक झाड नाही मागे. हे कुठलं मिठागर?"

"सर, मिठागर ते मिठागर. आता चढवून झालंय."

तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. मग तास संपला म्हणून घंटा द्यायला गेलात आणि त्यावर पुन्हा कधी बोलला नाहीत. आपल्याला पहिला नंबर मिळाला. स्नेहसंमेलनात मी त्या पानाची रंगीत प्रिंट फ्रेम करून प्रमिलाच्या वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात.

त्या दिवशी ओटीवर आपलं भांडण झालं ते यावरून. मी म्हणाले, "सहा वर्षांनी आता काय त्याचं?" तुम्ही म्हणालात, "सहा वर्षं झाली म्हणूनच." मी म्हणाले, "सर, निवृत्त झाल्यावर खरं बोलणं सोपं असतं. मला अजून पंचवीस वर्षं नोकरी करायचीय. आणि त्या पोरीचा विचार करा. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागलीय ती, अर्जाला स्पर्धेचं ते प्रमाणपत्र जोडलंय तिनं. उद्या कोणी हे वाचलं तर?" तुम्ही नेहमीच्या शांत आवाजात म्हणालात, "मी लिहून काढलंय. तुम्ही एकदा ऐकून घ्या." मला तुमच्या त्या शांतपणाचाच राग आला. "मला काही ऐकायचं नाहीये," असं म्हणून मी चहा तसाच टाकून उठले. काकू भज्यांची बशी घेऊन दारात आल्या होत्या, त्यांच्याकडेही मी बघितलं नाही.

त्यानंतर तुमचे तीन फोन आले, ते मी उचलले नाहीत. तीन मेल आल्या, त्या उघडल्या नाहीत. वयानं एवढी लहान बाई आपल्याला असं वागवते म्हणून तुम्ही फार रागावला असाल. मी मनाशी म्हणत होते, राग निवळला की जाऊ, तुमचा निवळला की, माझा निवळला की. आणि मग तो मंगळवार आला.

तुम्ही माझ्याहून सत्तावीस वर्षांनी मोठे होतात. पण भांडताना ते कधी जाणवू दिलं नाहीत.

दुसऱ्या रविवारच्या आधी काकूंचा निरोप आला. "तेंचा लिवलेला येते म्हनं दर आयतवारी. मना ती अक्षरा दिसत नाय. तू येऊन वाच गो." नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी लॅपटॉप आणि नेटचं डोंगल घेऊन गेले. काकूंनी ओटीवर पाट मांडला होता, तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती. नऊ वाजले, पान आलं आणि मी वाचायला लागले.

सर, त्या वाचनाबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. तोंडानं मी एक ओळ वाचत होते आणि डोळ्यांनी पुढच्या तीन ओळी चाळत होते. कुठे मीठ दिसतंय का, कुठे माझं नाव दिसतंय का. दिसलं तर काय करायचं ते ठरवून ठेवलं होतं. नेट गेलं म्हणायचं आणि डोंगल उपटायचं. तुमच्या ओटीवर, तुमच्या बायकोसमोर, मी हे ठरवून बसले होते. एका लेखात 'संगणक' हा शब्द आला आणि मी मध्येच थांबले. "थांबलीस का गो?" काकूंनी विचारलं. तो लेख शाळेतल्या पहिल्या कॉम्प्युटरवर प्लास्टिक झाकून, चपला बाहेर काढायला लावून, वर्षभर एकाही मुलाला हात लावू दिला नव्हता, त्याबद्दल होता. काकू हसल्या. मी पाणी मागितलं.

वाचून झालं की त्या दर वेळी विचारायच्या, "अजून किती हायत?" मला माहीत नव्हतं. त्यांना अजून पन्नास हवे होते आणि मला एकही नको होता, आणि आम्ही दोघी एकाच पाटावर बसून चहा प्यायचो.

आठवडाभर माझं लक्ष कशात लागायचं नाही. शाळेत कोणी "मॅडम, एक मिनिट" म्हटलं तरी मला वाटायचं, कळलं यांना. प्रमिलाच्या ऑफिसातला कोणीतरी वाचतोय, तिला केबिनमध्ये बोलावतोय, असं चित्र मी रोज रंगवायचे. तिच्या नावानं मी माझ्यासाठीच घाबरत होते, पण तेव्हा ते कबूल केलं नव्हतं. एका गुरुवारी तर मी तुमच्या ब्लॉगचं कुलूप फोडायला बसले. पासवर्ड म्हणून आधी तुमच्या गावाचं नाव टाकलं, मग काकूंचं, मग 'भूगोल'. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यानं खातं बंद करायची धमकी दिली. मी लॅपटॉप मिटला आणि हात धुवून आले. का धुतले, मला माहीत नाही.

सहाव्या रविवारी नऊ वाजता काही आलं नाही.

मी पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. सव्वानऊ, साडेनऊ. आणि खरं सांगते, सर, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. सुटले, संपलं, आपलं नाव आलं नाही. मग मी मान वर केली आणि काकूंचा चेहरा बघितला.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"तसं दिसतंय."

"म आज खरे गेले म्हन," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. अंत्यविधीच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी त्यांचा हात धरून बसले. जरा वेळानं त्यांनीच डोळे पुसले. "तुला चावी दिली म्हनत व्हते ना? तू बघ की."

"कसली चावी, काकू?"

"मना काय ठाव? अंजलीला मेल केलाय, ती उघडल तवा बघल, असा बोलत व्हते."

मी तिथेच त्या तीन मेल उघडल्या. पहिलीत ब्लॉगचं आमंत्रण होतं. तुम्ही मला त्यात पूर्ण भागीदार केलं होतंत, लिहायला, बदलायला, पुसायलासुद्धा. दुसरीत दोन ओळी होत्या: 'अंजलीबाई, फोन लागत नाही. केव्हा येता? तुम्हाला वाचून दाखवायचं आहे.' तिसरीत एकच: 'ऐकायचं नसेल तर निदान भजी खायला या.'

आमंत्रणावर बोट ठेवलं आणि मी आत गेले. आत पाच लेख होते, लिहून पूर्ण झालेले, एकालाही तारीख नसलेले. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत कोणाचं तरी नाव. 'हा चिरनेरच्या बाळारामला वाचून दाखवायचा.' 'हा पाटील बाईंना, त्यांची तब्येत बरी असेल तेव्हा.' आणि मिठागराच्या लेखावर: 'आधी अंजलीबाई. मग प्रमिला. दोघी हो म्हणाल्या तर तारीख.'

ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय तुम्ही काही छापायचा नाहीत. हा नियम मला माहीत होता, सर. मासळीवाल्या मुलीचा लेख लिहिलात तेव्हा तुम्ही प्रिंट घेऊन बाजारात तिच्या पाटीशेजारी जाऊन बसला होतात. ती गिऱ्हाइकं करता करता ऐकत होती. तिनं एक वाक्य काढायला सांगितलं आणि तुम्ही काढलंत. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि मी हसले होते, की सर, पेपरवालेसुद्धा एवढं करत नाहीत. इतके आठवडे मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती तुमच्या हातून होणंच शक्य नव्हतं. भीतीच्या भरात मी तुम्हाला कोणीतरी वेगळाच माणूस करून टाकलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. अजून वाटते.

लेख मी घरी जाऊन वाचला. माझं केलेलं तुम्ही लपवलं नव्हतंत, वाढवलंही नव्हतंत. शेवटी लिहिलं होतंत, 'संगणकाच्या बाईंकडे दोन दिवस होते. माझ्याकडे एक मिनिट होतं, आणि ते मी घंटा द्यायला वापरलं.'

मला तो एका बोटानं पुसता आला असता. तुम्ही ती मुभाही देऊन ठेवली होतीत. नाही म्हणणार नाही, बोट पाच-दहा मिनिटं तिथं होतं.

पुढच्या शनिवारी मी प्रमिलाकडे गेले. चिरनेरच्या अलीकडे त्यांचं घर. ती ऑफिसातून लवकर येऊन ओटीवर वाल सोलत बसली होती. "मॅडम, तुमी?" म्हणाली आणि घाईघाईनं पाणी आणलं. मी आधी सांगितलं, की सर गेले आणि त्यांचा हा एक लेख राहिलाय, तुझ्याबद्दल आहे, तू ऐक आणि मग हो किंवा नाही सांग. मी वाचत गेले. तिचे हात चालूच होते.

"प्रमानपत्राचा काय नाय, मॅडम," ती म्हणाली. "ऑफिसात ता कोनी बघलाच नाय. टायपिंगची परीक्षा घेतली आनि लावला." मग तिनं विचारलं, "पन माझी पाना कुठं हायत?"

"पुसली मी. जागा पुरत नव्हती."

"आनि फोटो?"

"तोही."

तिनं वालाचं सूप बाजूला ठेवलं. "आमच्याकडं बाबाचा आगरातला दुसरा फोटो नाय. दोन वर्सापूर्वी आगर मातीनं भरला. आता थय यार्ड झालाय, मी थयच कामाला जाते." तिनं आत बोट दाखवलं. भिंतीवर माझी फ्रेम होती, तेच पांढरं शुभ्र, त्याच डोंगराएवढ्या राशी. "बाबानं विचारला, ह्यात आपुन कुठं हाव? मी सांगितला, तो आपलाच आगर हाय, लांबून काढलाय. दोन दिवस तो बघत व्हता. आला-गेलेल्याला दाखवतो अजून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आता तुमीच सांगा त्याला. मना नाय जमनार."

प्रमाणपत्र, नोकरी, माझी अब्रू, याच्यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते. मी एका माणसाचा त्याच्या कामावरचा एकुलता एक फोटो पुसला होता आणि त्याच्या जागी परक्याचा फ्रेम करून, टाळ्यांच्या गजरात त्याच्या हातात दिला होता. आणि ते झाकायला एक चौदा वर्षांची मुलगी बापाशी खोटं बोलली होती. हे तुम्हालाही माहीत नव्हतं, सर.

तिचे वडील शेतावरून आले, पाय धुतले, भिंतीला टेकून बसले. मी तिसऱ्यांदा तो लेख वाचला. फोटो पुसल्याचं तुम्ही लिहिलं नव्हतंत, ते मी तोंडानं सांगितलं, की तो मी पुसला आणि भिंतीवरचा त्यांचा नाही. प्रमिला आतल्या दाराला धरून उभी होती.

त्यांनी मान वळवून फ्रेमकडे बघितलं. मग म्हणाले, "मना पयल्याच दिवशी समाजला."

प्रमिला पुढे आली. "काय?"

"तीस वर्स त्या पान्यात उभा ऱ्हायलाव. आपला आगर मना वलखू येनार नाय काय?"

"म बोलला का नाय कवा?"

"तू बोललीस आपला हाय," ते म्हणाले. "म आपला."

प्रमिला तिथेच खाली बसली. मी लॅपटॉपकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं.

मग त्यांनीच मला विचारलं, "सरांचा छापनार हाव ना? छापा. पन आमचा आगर कसा व्हता ता पन लिवा त्यात." मी विचारलं, तुमच्या शब्दांत लिहू का? "म काय तुमच्या?" म्हणाले. ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले, पाणी कुठून घ्यायचं, उधाणाला बांध कसा राखायचा, मीठ धरायला लागलं हे पायाला कसं कळतं. सवयीनं मी दोन ठिकाणी भाषा सुधारली. प्रमिलानं मागून वाकून ती पुन्हा बिघडवली. उठताना मी फ्रेम काढून घेऊ का विचारलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "भितीवर डाग दिसल."

तुमच्या लेखाला मी तारीख दिली आहे, येत्या रविवारी नऊ. खाली म्हात्रेकाकांचं सांगणं जोडलं आहे. प्रमिला हो म्हणाली, तेही हो म्हणाले, आणि मीही हो म्हणाले. तुमच्या लेखासोबत हे पत्रही जाईल. मुख्याध्यापक वाचतील, स्पर्धेचे लोक वाचतील. मला बोलावलं जाईल, काय विचारतील माहीत नाही, आणि भीती काही गेलेली नाही. भीती संपल्यावर लिहायचं ठरवलं असतं तर हे कधीच लिहून झालं नसतं. उरलेले चार लेखही मी घेऊन जाणार आहे, ज्याच्या त्याच्या दारात.

पण हे पत्र तुमच्याबद्दल आहे आणि नियमाप्रमाणे ते आधी तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. ते आता कसं करायचं मला कळेना, म्हणून आज सकाळी मी काकूंना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून, कुलूप फोडायला बसले होते तेही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर म्हणाल्या, "एक चुकीचा हाय त्यात." ते वाक्य मी वर तसंच ठेवलं आहे, त्यांची दुरुस्ती इथे लिहिते.

"रागावले असतील असा लिवलास ना तू? रागावले नवते. तिसरा फोन लावला तवा नंबर दोनदा चुकला तेंचा. मी बोलली, येवढा काय भेताव? त बोलले, लेख नाय छापला तरी चालल, पन अंजली आपल्या घरी यायची बंद झाली त मी काय करू?"